पत्रा गप्प झाल्यावर

दुपारची जेवणं उरकून सगळे अप्पांच्या खोलीत जमले, तेव्हा पत्रा चांगलाच बोलत होता.

अप्पांची खोली सगळ्यात वर, गच्चीच्या थेट खाली. आई गेल्यापासून सगळ्यांनी विनवण्या केल्या होत्या की आता खाली या, जिने झेपत नाहीत. पण अप्पा म्हणाले, "मला पाऊस ऐकू आला पाहिजे," आणि विषय संपला. गंमत अशी, की त्या खोलीतून पाऊस दिसत मात्र नव्हता. एकुलत्या एका खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या टॉवरची काचेची भिंत उभी राहिली, त्याच आठवड्यात अप्पांनी खिडकीला आतून फळ्या ठोकून घेतल्या. टॉवरवाल्यांचं तोंड बघायचं नाही म्हणे! आता ती टॉवरची पाठ होती, तोंड पलीकडच्या रस्त्याला होतं. पण रुसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

तसंही या घराला पाऊस बघायची सवय नव्हतीच. हे पाऊस ऐकणारं घर. गच्च्या बांधायच्या आणि त्यांवरचं पाणी वाटेला लावायचं, हा आजोबांपासूनचा धंदा. गच्चीला ढाळ द्यायचा, ढाळाच्या कोपऱ्यात पाणी जायला तोंड ठेवायचं, तोंडातून भिंतीच्या पोटात पाइप उतरवायचा. पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून तोंडावर वीतभर उंचीची पत्र्याची टोपी. पाऊस त्या टोपीवर वाजायचा आणि आवाज पाइपातून घरभर उतरायचा. बाकीचे गच्चीवाले आवाज नको म्हणून टोपीला रबर लावत. अप्पा मुद्दाम जाड, वाजरा पत्रा लावत आणि काम संपलं की गिऱ्हाइकाला जिन्यात उभं करून सांगत, "पत्रा बोलतोय तोवर कान असू द्या. पत्रा गप्प झाला की पाऊस गेला. खुशाल झोपा." आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "माणूस असो की गच्ची, दुतोंडी नको. एक तोंड पुरे."

आज भांडण होतं ते या एका तोंडावरून.

"मी शेवटचं विचारते," ताई म्हणाली. ती घरातली थोरली. लग्न करून बघितलं, जमलं नाही, परत आली आणि कमरेला पदर खोचून थापी हातात घेतली. दोन भावांनी मिळून जितक्या गच्च्या पाहिल्या नसतील तितक्यांवर ती उन्हातान्हात उभी राहिली होती. "आपल्या सगळ्या गच्च्यांना दुसरं तोंड पाडायचं की नाही?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. तो ताईच्या पाठचा. गिऱ्हाइकं, बोलणी, हसणं, हात जोडणं, सगळं त्याच्याकडे. "अगं, आपण होऊन दारोदार जायचं आणि म्हणायचं, तुमच्या गच्चीला भोक पाडू द्या, आमचं चुकलंय. हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. राहू दे झाकलेली."

"त्या कापडाच्या गोदामाची गच्ची खाली बसली, ती कसली मूठ होती रे?"

"ते गोदाम जुनं होतं."

"आपल्या घरापेक्षा नवं होतं. सुट्टी होती म्हणून आत कोणी नव्हतं. नाहीतर आज तू इथे चहाची वाट बघत बसला नसतास."

वरून पाऊस वाजतच होता, इतका, की प्रत्येकाला आवाज चढवावा लागत होता. अप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, हाताची बोटं पांघरुणावर पत्र्याच्या तालात हलत होती. पलंगाशेजारच्या भिंतीतून हातभर पाइप उघडा ठेवलेला होता. आई असताना ती त्याच्यावर ओला रुमाल वाळत घालायची आणि अप्पा रोज ओरडायचे.

"पोरी, तुला पाऊस कळतो ना?" अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "मग वर्षाचं माप सांग. माझ्या वडलांच्या वेळी होतं तेवढंच आहे की नाही? रेडिओवाला पण तेच सांगतो. मग तोंड का वाढवायचं?"

"माप तेवढंच आहे, अप्पा. पण दिवसभराचं जेवण एका घासात कोंबलं तर गळ्याने काय करायचं? तुमच्या वेळी पाऊस लागला की चार-चार दिवस भुरभुर चालायची. तुम्हीच सांगता, कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना वास यायचा. अख्ख्या शहरावर सारखा पडायचा. आता महिनाभर टिपूस नाही आणि मग चार दिवसांचा पाऊस एका दुपारी येतो."

"येतो आणि जातो."

"येतो कसा ते बघितलंय का कोणी?" ताईचा आवाज खाली आला. "परवा बाजाराच्या रस्त्यावर होते मी. अर्ध्या रस्त्यावर धो धो आणि अर्ध्या रस्त्यावर धूळ. मधे रेघ मारल्यासारखी. लोक रेघेपाशी येऊन थांबत होते, पण ओलांडत कोणी नव्हतं. भिजायला घाबरत नव्हते हो. त्या रेघेला घाबरत होते. एक बाई हात पुढे करून बघत होती, कोपरापर्यंत ओला, वर कोरडा. आणि वारा नाही, काही नाही. तो पाऊस पडत नव्हता, उभा होता. जिथे टॉवर झालेत तिथे उभा राहतो आणि मग चालायला लागतो."

"आता पावसाला पायही फुटले," दादा हसला. पण दुसरं कोणी हसलं नाही, म्हणून तोही थांबला.

दादाची बायको दाराशी बसली होती. अप्पा तिला सूनबाई म्हणत, म्हणून सगळं घरच सूनबाई म्हणायचं. एरवी ती नवऱ्याच्या वाक्याला आपलं वाक्य जोडून द्यायची. जेवताना सुद्धा म्हणाली होती, "वन्सं, कशाला नसतं झेंगट ओढवून घेताय?" आता मात्र तिचं लक्ष नवऱ्याच्या बोलण्याकडे नव्हतं.

"माझ्या माहेरची गच्ची?" तिने विचारलं.

"तिचं काय?" दादा म्हणाला.

"ती पण एकाच तोंडाची ना? आपल्या लग्नात मामंजींनी माझ्या बाबांना बांधून दिलेली. आणि त्यांच्याकडे तर दोन्ही बाजूंनी टॉवर झालेत."

"अगं, तुझं भलतंच काहीतरी. तिकडे काय होतंय?"

"भलतंच काय त्यात? मी विचारतेय. वन्सं, होईल का काही?"

दादाने बायकोकडे असं पाहिलं, की जणू ताटातली भाकरी उठून शेजारच्या पानात जाऊन बसली. ताईने संधी सोडली नाही. "अप्पा, हातोडी द्या. आपल्याच गच्चीपासून सुरुवात करू."

हातोडी अप्पांच्या उशाशी असायची. या घराचा रिवाज होता, की आपण बांधलेल्या गच्चीला पुन्हा छिन्नी लावायची वेळ आली, तर पहिला घाव घरच्या कर्त्याने घालायचा. त्याच्या घावाशिवाय कोणी वीट हलवायची नाही. आजोबांनी हा नियम केला तो मुलांनी उगाच तोडफोड करू नये म्हणून. पण अप्पांनी त्या नियमाचा आपल्या गच्च्यांवर पहाराच बसवला होता. मागच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी एकही घाव घातला नव्हता.

"माझ्या गच्च्या बरोबर आहेत," अप्पा म्हणाले. "पाऊस चुकतोय."

आणि नेमका तेव्हाच पत्रा दबला.

पाऊस थांबतो तेव्हा आवाज विरत जातो, शेवटी शेवटी थेंब सुटे सुटे ऐकू येतात. हा तसा थांबला नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी हलकेच तळहात ठेवावा, तसा आवाज आधी जाड झाला, मग घुमला, मग नाही. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की भिंतीवरचं घड्याळ चालतंय हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

अप्पांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असं समाधान, की विचारू नका. "गेला! बघितलंत? मघापासून नाचत होता. एका तोंडाने सगळा घशाखाली घातला."

"जिंकले अप्पा," दादा म्हणाला आणि पाय पसरून बसला. "सूनबाई, चहा होऊन जाऊ दे."

सूनबाई खाली गेली. ताई उभीच राहिली. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते तिला सापडेना. पत्रा गप्प, म्हणजे पाऊस गेला, हे ती बोलायला शिकण्याआधीपासून ऐकत आली होती. लहानपणी पत्रा गप्प झाला की आई केस विंचरायला घ्यायची आणि अप्पा जोडे घालायचे. त्या शांततेला सुटीचा वास होता. आज तिला त्या शांततेत बसवेना.

"अप्पा, शेवटचे थेंब कुठे वाजले?"

"काय?"

"थांबताना टिप टिप वाजतं ना. ते वाजलंच नाही."

"आता थेंबांचाही हिशेब मागा!" दादा म्हणाला.

दारावर धक्का बसला. मग दुसरा. बाहेरून सूनबाई म्हणाली, "अहो, कडी का लावली?"

"कडी कोणी लावली? ढकल!"

दादाने आतून ओढलं, तेव्हा दार वरच्या चौकटीला घासत, करकरत उघडलं. "पावसाळी हवा," तो म्हणाला. "लाकूड फुगलंय." सूनबाईने चहा दिला. ताईने कप तोंडाला लावला आणि खाली घेतला. चहावर पांढरी पूड तरंगत होती. तिने वर पाहिलं. पंख्याच्या दांडीपासून कोपऱ्यापर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. ती सकाळी होती की नव्हती, हे तिला छातीठोक सांगता आलं नसतं, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर पचपच पावलं वाजली आणि सकाळपासून बाहेर गेलेला धाकटा भाऊ आला. त्याला घरात पोपट म्हणत, कारण दादा जे बोलेल तेच तो दुसऱ्यांदा बोलायचा. आज तो काही न बोलता दारात उभा राहिला. डोक्यापासून पाण्याच्या धारा. पायांखाली बघता बघता थारोळं झालं.

"अरे, कुठे न्हाऊन आलास?" अप्पा म्हणाले. "पाऊस तर कधीच थांबला."

"थांबला?" पोपट म्हणाला.

"मग! चहा होऊन गेला आमचा."

पोपटने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आपली थट्टा चाललीय असं त्याला वाटलं असावं. "अप्पा, बाहेर समोरचं माणूस दिसत नाहीये. मी गल्लीच्या तोंडापासून भिंतीला हात लावत आलोय. मी... मी उलट हेच विचारणार होतो, की इथे आवाज कसा नाही?"

बाहेर समोरचं दिसत नव्हतं, आणि आत घड्याळ ऐकू येत होतं.

अप्पांनी उशाची हातोडी उचलली. बाजूला वळले आणि भिंतीतल्या उघड्या पाइपावर ठोका मारला. तो पाइप घरातल्या पोरासोरांनी हजारदा वाजवला होता. कोरडा असो की पाणी वाहतं असो, तो खणखण बोलायचा. आता तो 'थप' वाजला. अप्पांनी हात वर नेऊन पुन्हा मारलं. थप. उघड्या पाइपाच्या अगदी वरच्या टोकाला मारलं. थप.

"गळ्यापर्यंत भरलाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कोणी ओळखला नसता. "पाऊस गेला नाही. वर बसलाय."

पाणी टोपीच्या वर चढलं होतं. पत्रा बुडाला होता, म्हणून गप्प होता, आणि त्याच ओझ्याने छत दाराच्या चौकटीवर बसत होतं. सगळ्यांना एकदमच कळलं, आणि सगळ्यांनी एकदमच मान वर केली.

दादाने हात पुढे केला. घरचा कर्ता मुलगा, हातोडी त्याच्याकडेच जायची. अप्पांनी ती ताईच्या हातात ठेवली. "पाइपावर मारला तोच पहिला घाव समज. जा. उत्तरेच्या कठड्याला तोंड पाड. खाली बोळात माणूस नसतं."

"तुम्ही आधी खाली व्हा."

"तोंड पडल्याशिवाय मी हलत नाही."

"अप्पा, आयुष्यात एकदा तरी ऐका हो माझं!" ताई इतकी ओरडली, की तिचं तिलाच रडू फुटलं. पोपटने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. त्याने सरळ अप्पांना पाठीवर घेतलं आणि जिना उतरायला लागला. अप्पा त्याच्या ओल्या खांद्यावर गाल टेकून गुपचूप गेले. सूनबाई पुढे पळाली, खाली निजलेल्या आपल्या मुलांना बाहेरच्या पडवीत काढायला.

दादाने जिन्यातल्या हत्यारांतून घण आणि छिन्नी उचलली. गच्चीचं दार उघडायला ताई आणि दादा दोघांचे खांदे लागले. उंबरा गुडघाभर उंच होता म्हणून पाणी जिन्यात आलं नव्हतं, आणि आता त्या उंबऱ्याशी दोन बोटं उरली होती.

ताईने आयुष्यात पुष्कळ गच्च्या भरलेल्या पाहिल्या होत्या, अशी पाहिली नव्हती. पाऊस उलट्या अंगाने येत होता, ज्या दिशेने या शहरात कधी आला नव्हता त्या दिशेने. तो आधी टॉवरच्या काचेवर आपटत होता आणि तिथून पाण्याची अख्खी भिंतच्या भिंत सरकत या गच्चीवर उतरत होती. आणि आवाज नाही. पाणी पाण्यात पडत होतं, नुसती एक कुजबुज. काचेमागे कुठल्याशा मजल्यावर दिवे लावून माणसं टेबलांशी बसली होती. त्यांच्यातला एकजण काचेशी येऊन या दोघांकडे बघत उभा राहिला. त्याला दोन माणसं तळ्यात चालताना दिसत असणार.

"ताई, पायाखाली हलतंय," दादा म्हणाला.

"बोलू नकोस. मार."

तिने छिन्नी धरली, दादाने घण घातला. मऊ हातांचा, हसून बोलणारा दादा वेड्यासारखा घण घालत होता आणि प्रत्येक घावाला म्हणत होता, "माझी पोरं खाली आहेत. माझी पोरं खाली आहेत." अप्पांचं बांधकाम, सहज कसलं सुटतंय! पहिली वीट निघायला जन्म गेला. मग दुसरी सैल झाली, आणि तिसरी पाण्यानेच ढकलली. पाण्याने ताईचे पाय ओढले, दादाने तिचा पदर धरला, पदर फाटला, मग दंड धरला. बोळात पाण्याचा लोट कोसळायला लागला.

दोघं कठड्याला चिकटून राहिले. पाणी गुडघ्यावरून नडगीवर आलं, नडगीवरून घोट्यावर. कोपऱ्यात टोपीचा माथा उघडा पडला, आणि त्याच्यावर पहिला थेंब वाजला. टण्. मग दुसरा, मग सगळे. पत्रा बोलायला लागला. दादा तिथेच ओल्या कोब्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हातातून रक्त येत होतं, हे तिला तेव्हा दिसलं.

खाली आली तेव्हा अप्पा पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्चीत बसले होते. पोपटने त्यांना चादर गुंडाळली होती. पाइपातून आवाज उतरत होता.

"बोलला," ताई म्हणाली.

तिला वाटलं होतं, अप्पा हसतील. अप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरी," ते म्हणाले. "प्रत्येक घरात. जिन्यात उभं करून सांगितलंय. पत्रा गप्प झाला की झोपा म्हणून."

मग घरात जी पळापळ झाली, ती सांगायची सोय नाही. अप्पा गच्च्यांची नावं घ्यायला लागले, तोंडपाठ होत्या सगळ्या, दवाखान्याशेजारचे दोन भाऊ, पुलाखालची शाळा, चष्मेवाला, शिंपीण. दादा आणि पोपट फोन लावत होते, आणि दर वेळी तोच प्रश्न विचारत होते, "तुमच्याकडे पत्रा वाजतोय का?" कुठे वाजत होता, कुठे पाऊसच नव्हता, ऊन होतं. कुठे फोन कोणी उचलत नव्हतं.

सूनबाईने माहेरी लावला. तिने फोन मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, निवांत, झोपाळलेला.

"अगं, किती ओरडतेस? हो, मघाशी फार जोर होता. आता गप्प झालाय पत्रा, कधीचाच. तुझे बाबा वर निजलेत, तुझ्या भावाच्या पोरांना घेऊन. आत्ताच कुठे डोळा लागलाय."

"आई, उठव त्यांना! आत्ता! खाली आण सगळ्यांना!"

"काय झालं तरी काय?"

"आई, तुझ्या पाया पडते, उठव!"

"बरं, बरं. उठवते. थांब."

पलीकडे पावलं वाजली, जिना चढल्याची. अप्पांनी नावं घ्यायची थांबवली. वर आपला पत्रा वाजत होता, आणि त्या आवाजातून फोनमधलं ऐकायला ताईला कान जवळ न्यावा लागला.

"अगंबाई," सूनबाईची आई म्हणाली. "हे दार का उघडेना? लाकूड फुगलंय वाटतं."